सहा देवे, सात देवे

माणिकनं माझं नाव विचारलं ते दुसऱ्या दिवशी. पहिल्या दिवशी, खोलीच्या दारात पत्र्याची पेटी खाली ठेवता ठेवता, त्यानं एवढंच विचारलं, "किती देवे?"

मला वाटलं, खोलीत देवाचे फोटो किती आहेत ते विचारतोय. मी भिंतीकडे बोट करून म्हटलं, "एकच आहे. कॅलेंडरवर."

तो हसला नाही. पेटीवर बसला, दुपट्ट्यानं मान पुसली आणि ओळखपाळख नसलेल्या माणसाला त्यानं शांतपणे सगळं समजावून सांगितलं. गोंडांमध्ये प्रत्येक घराण्याचे देव ठरलेले असतात. कोणी चार देवे, कोणी पाच, कोणी सहा, कोणी सात. एका आकड्याचे सगळे एकमेकांचे भाऊबंद. एक चिचगडचा असो आणि दुसरा पार छत्तीसगडातला, कधी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नसो, आकडा एक म्हणजे भाऊ-बहीण. लग्न करायचं तर आकडा वेगळा पाहिजे. तो स्वतः सात देवे होता.

"आम्ही पोवार," मी म्हटलं. "आमच्यात कुळं पाहतात. देव मोजत नाहीत."

"बाप्पा!" माणिकला माझी खरोखर कीव आली. "मंग तुमी सोयरीक कशी करता? अंदाजानं?"

ती खोली गोंदियात, स्टेशनच्या पलीकडे होती. मागे राईस मिल, त्यामुळे वाळत घातलेल्या कपड्यांवर कायम कोंडा. मी कामठ्याहून आलेला. घरी धानाची शेती, आणि बापाचं म्हणणं एकच, की सरकारी नोकरी लागल्याशिवाय तोंड दाखवू नको. खोलीतला तिसरा बबलू. तो गोंदियाचाच. त्याचं घर दोन गल्ल्या पलीकडे होतं, पण घरात भाऊ इतके की पाय पसरायला जागा नाही, म्हणून तो आमच्याकडे भाडं भरून झोपायचा. बाजारातल्या एका मोबाइलच्या दुकानात तो लोकांच्या मेमरी कार्डात गाणी आणि पिक्चर भरून द्यायचा. मराठी त्याला सगळी समजायची, बोलायचा मात्र हिंदी. माणिक चिचगडच्याही पुढच्या, जंगलातल्या गावचा. पोलीस भरतीसाठी आला होता. छाती भरत होती, धावणं उत्तम होतं, लेखी परीक्षेत दर वेळी थोडक्यात राहायचा.

दिसायला तो काही विशेष नव्हता. मध्यम उंची, रापलेला रंग. पांढरा शर्ट एकच, पण त्याला इस्त्री अशी की नवरदेवानं मागून न्यावा. ही इस्त्री तो गंजात, म्हणजे पातेल्यात, निखारे भरून करायचा. हसायचा तेव्हा आवाज यायचा नाही, नुसते खांदे हलायचे. बोलायला लागला की उजवा तळहात उताणा करून पुढे धरायचा, त्यावर काहीतरी भरून ठेवलंय आणि ते सांडू द्यायचं नाही अशा बेतानं. आणि घाई हा प्रकार त्याला माहीत नव्हता. "पहिले मांडनी, मंग गोष्ट," असं तो म्हणायचा. कुठलीही भानगड असो, आधी कोण कोणाचा कोण हे मांडून घ्यायचं. तेवढं नीट मांडलं की पुढचं सगळं आपोआप समजतं, असा त्याचा सिद्धांत होता.

म्हणून त्यानं आम्हालाही देव वाटून टाकले. बबलूला सहा. "मेरे को छह भगवान? मस्त है," बबलू खूश. मला पाच. पाण्याच्या मोटरवरून रोज भांडणाऱ्या घरमालकिणीला चार. "आता बरं झालं," तो म्हणाला. "आता कोन कोनाचा आहे थे तरी समजते."

हे नियम आम्ही पाळावेत असा त्याचा आग्रह नव्हता. स्वतः मात्र तो पाळायचा, आणि त्यानं मला फार त्रास व्हायचा. उन्हाळ्यात बाजार आंब्यांनी भरला की बबलू पिशव्या भरभरून आणायचा. माणिक हात लावायचा नाही. त्याच्या गावात आंबा अजून 'नवा' झालेला नसायचा. म्हणजे पहिला आंबा देवाला आणि पुरखांना दाखवायचा, मग माणसांनी खायचा. तो दिवस गावची मंडळी ठरवणार, आणि ती मंडळी अगदी निवांत.

"अरे यार, ये आम तो आंध्रा का है," बबलू त्याच्या नाकाशी फोड धरायचा. "तेरे पुरखों को क्या मालूम पड़ेगा?"

"आंब्याले मालूम आहे ना," माणिक म्हणायचा.

गावाहून निरोप आला तेव्हा बाजारातला आंबा संपत आला होता. उरले होते ते डागाळलेले आणि आंबट. तेच तो पायरीवर बसून चवीनं चोखत राहिला. मी त्याच्याशी दिवसभर बोललो नाही.

बबलूची तऱ्हा नेमकी उलटी. त्याचं एकाच वेळी दोन मुलींशी जमलेलं होतं. एक ब्यूटी पार्लरमध्ये काम करायची, दुसरी दुकानासमोरच्या मेडिकलमध्ये. दोघींना त्यानं लग्नाचं वचन दिलेलं. एके दिवशी दोघी एकदमच दुकानात आल्या, आणि बबलू मागच्या दारानं पळून आमच्या खोलीत येऊन कडी लावून बसला. माणिकनं त्याला पाणी दिलं आणि समोर बसवलं.

"कोनाच्या घरी न इचारता माठातलं पानी पेतेस?"

बबलूनं विचार केला. "पार्लर वाली के."

"मंग ते बहीण झाली. मेडिकलवालीशी कर."

"ये क्या लॉजिक है?"

"जिथं आपन सोयरे असतो तिथं मानूस इचारून पेते. लाज असते. बहिनीच्या घरी कायची लाज?"

बबलूनं शिव्या घातल्या, पण शेवटी लग्न मेडिकलवालीशीच केलं, आणि त्याचा संसार चांगला चालला आहे. पार्लरवालीनं त्याला पुढे राखीही बांधली म्हणतात. ते मी पाहिलेलं नाही. पण माणिकनं मांडलेला दुसऱ्याचा हिशेब कधी चुकला नाही, हे मी शपथेवर सांगेन.

सरिता आमच्या अभ्यासिकेत आली ती त्याच वर्षी. अभ्यासिका म्हणजे पत्र्याचा लांब हॉल आणि प्लॅस्टिकच्या खुर्च्या. ती देवरीकडच्या खेड्यातली, नर्सिंगचा कोर्स संपवून भरतीची वाट पाहणारी. ठेंगणी, चटपटीत आणि बोलायला फटकळ. तिला बसायचं होतं त्या खुर्चीवर माणिकची बॅग होती.

"बॅग कोनाची आहे गा?"

माणिकनं वर पाहिलं. "किती देवे?"

"सात," ती पेन शोधता शोधता म्हणाली. हा प्रश्न तिला नवा नव्हता.

"मंग तू माही बहीण झालीस."

"झाली तं झाली. बॅग उचल, दादा."

सगळी अभ्यासिका हसली. माणिकचेही खांदे हलले. त्यानं बॅग उचलली.

एकदा दादा झाल्यावर त्याला सगळं मोकळं झालं. दुसरी मुलं एखाद्या मुलीशी दोन शब्द बोलली तरी कुजबुज व्हायची. माणिक सरिताची बाटली भरून आणायचा, तिला गणितं समजावायचा, सायकल पंक्चर झाली तर ढकलत दुकानापर्यंत न्यायचा, कोणी चकार शब्द काढत नव्हतं. तिचा बाप एकदा तांदळाचं पोतं घेऊन आला. त्याला तिन्ही मुलीच. सरिता थोरली. त्यानं माणिकचे दोन्ही हात हातात घेतले. "तू आहेस तं मले घोर नाई, बाबू. पोट्टीकडं ध्यान ठेवजो."

माणिकनं ध्यान ठेवलं, आणि तिथंच घात झाला. आम्हाला कोणालाच काही दिसलं नाही. बहिणीची काळजी करणारा भाऊ आणि प्रेमात पडलेला माणूस, लांबून दोघं सारखेच दिसतात.

आता तो पिक्चर. एका रविवारी बबलूनं दुकानातल्या लॅपटॉपबरोबर एक पेन ड्राइव्ह आणला, कोणा गिऱ्हाइकाचा विसरलेला. त्यात एक विनोदी पिक्चर निघाला, झेक भाषेतला. खाली भाषांतराच्या ओळी नाहीत. झेक देशाबद्दल आम्हाला स्पर्धा परीक्षेपुरतं माहीत होतं: राजधानी प्राग, चलन कोरुना. पिक्चरमध्ये दगडी इमारतींचं शहर, ट्रामगाड्या, एक फ्लॅट आणि त्यात आमच्याच वयाची पाच-सहा पोरंपोरी. सगळी सारखी बिअर पितात आणि सारखी बोलतात. कोण कोणाची बायको आणि कोण कोणाची मैत्रीण, काही पत्ता लागेना. सकाळी जी एकाबरोबर चहा घ्यायची ती संध्याकाळी दुसऱ्याच्या गळ्यात. मध्येच तिसरी येऊन पहिल्याच्या थोबाडीत देऊन जायची.

"कुछ समझ में नहीं आ रहा," बबलू वैतागला. "बंद कर."

"थांब," माणिक म्हणाला. "मांडनीच नाई केली तं समजंल कसं?"

सरिता डबा द्यायला आली होती, ती दारातल्या पायरीवर बसली. माणिकनं पिक्चर पहिल्यापासून लावला, आवाज बंद केला, तळहात उताणा केला आणि एकेकाला नाव द्यायला सुरुवात केली. उंच, चष्मेवाला तो चष्म्या. लाल केसांची ती पळस. पोट सुटलेला ढेऱ्या. कायम फोनला चिकटलेली मोबाइलबाई. मग देव. बबलूच्या माठाचाच नियम त्यानं इथं लावला, फक्त माठाच्या जागी फ्रिज. "जो दुसऱ्याच्या घरचा फ्रिज न इचारता उघडते तो भाऊबंद. इचारून उघडते तो सोयरा." त्या हिशेबानं ढेऱ्या आणि मोबाइलबाई एका देवाचे, बहीण-भाऊ. चष्म्या सात देवे, पळस सहा देवे. "जुळते," माणिक म्हणाला.

आणि मग तो त्यांच्या तोंडी बोलणी घालू लागला, अस्सल झाडीबोलीत. ट्रामच्या थांब्यावर उभा राहून चष्म्या पळसला म्हणाला, "काऊन रागावलीस वं? धान कापून झालं की येतो ना तुह्या बुढ्याकडं." पळस म्हणाली, "दरसाल असाच म्हनतेस. दरसाल धान कापून होते, अना तू येत नाईस." मोबाइलबाई फोनवर मावशीला गावच्या मंडईला, म्हणजे जत्रेला, कोण कोण पाहुणे आले ते सांगत होती. ढेऱ्याला वनरक्षक व्हायचं होतं, पण धावण्यात दर वेळी दम लागून बसत होता. आम्ही हसून हसून लोळलो. बबलूला तर ठसका लागला.

पुढच्या रविवारी अभ्यासिकेतले आणखी चारजण आले, मग आणखी. रविवारची दुपार म्हणजे माणिकचा पिक्चर, असं होऊन बसलं. खोलीत जागा उरेना. तोच पिक्चर लोक पुन्हा पुन्हा पाहायचे, कारण माणिक दर वेळी वेगळा सांगायचा. बाकीच्यांचे देव इकडचे तिकडे व्हायचे. चष्म्या सात आणि पळस सहा, एवढं मात्र कधी बदललं नाही. ट्रामच्या थांब्यावरचा प्रसंग आला की त्याचा आवाज खाली यायचा. चष्म्याचं बोलणं तेवढं तो लॅपटॉपकडे न पाहता सांगायचा, दाराकडे पाहून. दारातल्या पायरीवर सरिता असायची.

मी तसा मठ्ठ माणूस, पण एवढं मलाही कळलं.

सरिताला माझ्या आधी कळलं असणार. एका रविवारी भर गर्दीत ती म्हणाली, "दादा, चष्म्या तं पळसच्या घरी जाते अना सरळ फ्रिज उघडते. इचारते कुठं? तुह्या हिशेबानं तं दोघं एकाच देवाचे झाले."

"पकड़ा गया!" बबलू ओरडला. खोली हसली. माणिकचा तळहात उताणाच राहिला. तो म्हणाला, "त्यानं बाहेर इचारलं होतं. पिक्चरात दाखवलं नाई."

सरिता उठली, चप्पल पायात सरकवली आणि निघून गेली.

बबलू मनाचा चांगला, पण कुठं थांबावं हे त्याला कळत नाही. त्यानं कुठून तरी त्या पिक्चरच्या इंग्रजी ओळी शोधून आणल्या. माणिक म्हणाला, "नोको लावू." बबलूनं लावल्या. ट्रामच्या थांब्यावर चष्म्या पळसला इतकं कळवळून काय सांगत होता, तर वॉशिंग मशीन मी बिघडवलं नाही, ढेऱ्यानं त्यात बूट धुतले म्हणून बिघडलं. पळस म्हणत होती, ठीक आहे, पण आता कपडे कुठं धुवायचे? पुढे कळलं की ती दोघं पिक्चर सुरू व्हायच्या आधीच एकमेकांना सोडून मोकळी झालेली आहेत आणि त्याचं दोघांनाही फारसं काही वाटत नाही. शेवटी सगळे सगळ्यांना माफ करतात, जोड्या बदलून एका तळ्याकाठी सहलीला जातात आणि पुन्हा बिअर पितात.

माणिकनं सगळ्या ओळी शेवटपर्यंत वाचल्या. इंग्रजी त्याचं कच्चं, अडेल तिथं मला विचारत होता. पिक्चर संपल्यावर म्हणाला, "त्याईले कोनी अडवतच नाई गा." आणि थोड्या वेळानं, "एवढं सोपं आहे तं मंग रडून काऊन राहिले?"

पुढच्या रविवारी कोणी आलं नाही. खरा पिक्चर माणिकच्या पिक्चरच्या पासंगालाही पुरला नव्हता.

त्या सुमारास एकदा आम्ही दोघं रेल्वेच्या पुलावरून जेवायला निघालो होतो. खालून मालगाडी जात होती. ती पूर्ण जाईपर्यंत तो कठड्याला टेकून उभा राहिला.

"तुरकर, मी तिले बहीण म्हनतो," तो म्हणाला. "रोज म्हनतो. म्हनून म्हनून पाहिलं. होतच नाई."

मी मोठ्या शहाण्यासारखं म्हटलं, "कोर्टात लग्न करा. कायद्यानं तुम्ही एकमेकांचे कोणी नाही."

"कायदा माह्या बुढ्याच्या मातीले येते का?"

गावानं तोंड फिरवलं तर बापाला खांदा द्यायलाही चार माणसं जमणार नाहीत, असं त्याचं म्हणणं. सरिताला मी विचारलं तर तिनं मलाच झापलं. "मी तं म्हटलं त्याले, चाल नागपूरले. एकदाच म्हटलं. तो रडाले लागला. आता रडनाऱ्या मानसाले ओढून नेऊ का मी? अना माह्यामागं दोन बहिनी आहेत, त्याईची सोयरीक कोन करंल? तुले का, तुले देव नाईत. तुले सोपं आहे."

तरी माणिकनं एक प्रयत्न केला, आणि त्या दिवशी मी त्याच्याबरोबर होतो. त्याचा मामा गावचा भूमका, म्हणजे देवाचं सगळं बघणारा. मामाचं घराणं सहा देवे. आपल्याला मामानं आपल्या देवात घेतलं तर आकडा बदलेल, असं माणिकनं मनाशी मांडलं होतं. बबलूच्या मोटरसायकलवर आम्ही चिचगडच्या पुढं गेलो. मामा अंगणात चारोळी फोडत बसला होता. काटकुळा म्हातारा, कानात बाळी.

"मामा, मले तुमच्या देवात घेता येते का?"

"कायले?"

माणिकनं सांगितलं. मुलीचं नाव घेतलं नाही, मामानंही विचारलं नाही. चारोळी फोडायचं मात्र थांबवलं. मी मध्ये तोंड घातलं, "बाहेरच्या माणसाला घेतात असं ऐकलंय."

"घेतो ना जी," मामा म्हणाला. "ज्याले देव नाई त्याले देता येते. तुमाले पाहिजेत तं तुमाले देतो. एक बोकड्या आना, चार मानसं बसवू, देऊन टाकू." मग तो भाच्याकडे वळला. झेक पिक्चर माणिकनं गावातही सांगितलेला होता. "तुह्या पिक्चरातल्या त्या पोट्ट्याले आन, त्याले बी देतो. पन तुले कुठून देऊ, बाबू? तुले तं आहेत."

माणिकनं मान हलवली. मामानं आम्हाला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. भात, अंबाडीची भाजी, कोंबडा. मामा त्याच्या ताटात पुन्हा पुन्हा वाढत होता आणि माणिक मुकाट खात होता. परतताना देवरीत चहाला थांबलो तेव्हा तो म्हणाला, "बरोबर आहे गा. मामाची मांडनी बरोबर आहे."

मला इतका संताप आला की मी चहा तसाच टाकून उठलो. मामावर नव्हे, त्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं हे मी पाहिलं होतं. राग माणिकचा आला. एकदा तरी त्यानं म्हणावं की हे चूक आहे. तो म्हणाला नाही. कधीच म्हणाला नाही.

पुढच्याच वर्षी सरिताचं ठरलं. मुलगा सहा देवे, कुरखेड्याकडचा, सरकारी दवाखान्यात कायम नोकरीला. माणूसही चांगला, उगाच कशाला नावं ठेवू. तिचा बाप आमच्या खोलीत आला आणि माणिकच्या पेटीवर बसला. "मले पोट्टा नाई, बाबू. भावाचं सारं तुलेच करा लागते."

"करतो ना, बाबा," माणिक म्हणाला. "मी नाई तं कोन करंल?"

आणि त्यानं केलं. मांडवाला डहाळ्या तोडून आणल्या, पंगतीत वाढलं, नवरदेवाकडच्या लोकांचे रुसवे काढले. पांढऱ्या शर्टाची इस्त्री शेवटपर्यंत मोडली नाही. नवरीला हात धरून मांडवात आणायची वेळ आली तेव्हा तिचा बाप म्हणाला, भाऊ कुठं आहे? माणिक पंगतीतून हात धुऊन आला. तिचा हात धरून तो तिला मांडवात घेऊन आला, तिला जागेवर बसवलं आणि पुन्हा पंगतीकडे गेला. बबलू माझ्या कानात म्हणाला, "ये आदमी पागल है." आणि तोंड फिरवून रडायला लागला.

निघताना सरिता बापाच्या गळ्यात पडली, बहिणींच्या गळ्यात पडली, खूप रडली. माणिकसमोर आली तेव्हा मात्र तिनं डोळे पुसले.

"दादा, मले पोट्टी झाली तं तुह्या पोट्ट्याले देईन. दूध परत करीन. तू लवकर लग्न कर."

ही तिकडची रीत. घरची मुलगी परक्या घरी गेली की घरातलं दूध गेलं, आणि तिची मुलगी भावाच्या मुलाला दिली की ते परत आलं. निघताना बहिणी असं म्हणतातच. आजूबाजूच्या बायांनी हसून माना डोलावल्या, पोरीला रीतभात आहे म्हणाल्या. सगळ्या नियमांत बसेल असं तिच्याजवळ त्याला द्यायला एवढंच उरलं होतं, आणि ते तिनं सगळ्यांच्या देखत दिलं.

"बरं वं," माणिक म्हणाला.

खोली सुटली. मला आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावात कारकुनाची नोकरी लागली. बबलूनं स्वतःचं दुकान टाकलं. माणिकचं भरतीचं वय निघून गेलं आणि तो गावी परतला. थोडी धानाची शेती, हंगामात मोहफुलाच्या खरेदीवर काम. त्यानं लग्नाला कधी नाही म्हटलं नाही. उलट मनापासून मुली पाहत होता. वेगवेगळ्या देवांच्या, सगळीकडे जुळत होतं. पण हल्ली मुलीचा बाप देवाचा आकडा नंतर विचारतो, आधी नोकरी विचारतो.

गेल्या उन्हाळ्यात तो मला देवरीच्या बस स्टँडवर भेटला. कानाजवळचे केस पांढरे झालेले. बरोबर एक शाळकरी मुलगी, दोन वेण्या घातलेली, बर्फाची पेप्सी चोखणारी. सांगायची गरजच नव्हती, चेहरा सरिताचाच होता.

"सुट्टीत मामाच्या गावी नेऊन राहिलो," तो म्हणाला. दर उन्हाळ्यात तो तिला आणायला जातो.

"आणि तुझं काय? कुठं जमलं?"

"पाहून राहिलो गा." त्याचे खांदे हलले. "सरिता फोनवर दर खेपेले इचारते, दादा कवा करतेस? हासून इचारते." तो मुलीकडे पाहू लागला. ती पलीकडे उभ्या असलेल्या गाड्यांच्या पाट्या वाचत होती. "हे बापाकडून सहा देवे. माहा पोट्टा झाला असता तं सात. बरोबर जुळत होतं."

"अजून कुठं वेळ गेली?" मी म्हटलं. काहीतरी म्हणायचं म्हणून म्हटलं.

"असं धर, उद्या लग्न झालं. वरसानं पोट्टा झाला. तरी हे त्याच्याहून केवढी मोठी होते? मोठी पोट्टी लहान पोट्ट्याले देतेत का कोनी?"

मीही गाड्यांच्या पाट्यांकडे पाहू लागलो.

"नाई देत," त्यानंच सांगितलं.

चिचगडची गाडी लागली. लोक दाराशी धावले.

"मामा, चाल ना, जागा जाते," मुलीनं त्याची बाही ओढली.

"चाल वं, माय," माणिक म्हणाला, आणि तिला कडेवर उचलून गर्दीत शिरला.